११ टन माल जालन्याला घातला, पट्टीत ५१ हजार कमी आले. माझं काय चुकलं?

बार्शीची लेक

नमस्कार. बार्शीत आमचं भंगाराचं गोडाऊन आहे. आप्पांनी तीस वर्षं चालवलं. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून मी बघते. त्यांची जीभ अजून जड आहे, त्यामुळे विचारायला घरात कुणी नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आप्पा माल सोलापूरच्या व्यापाऱ्याला द्यायचे. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच दलालामार्फत थेट जालन्याच्या एका भट्टीला गाडी भरली. दलाल म्हणाला, एटी-ट्वेंटीचा भाव ३४ रुपये किलो. आमच्याकडे येतो तो सगळा शेतीचा माल: नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, ट्रॉलीचे एक्सेल, गाडीचे पाटे, बोअरचे केसिंग पाईप, पाण्याच्या मोटारींच्या बॉड्या, ब्रेक ड्रम, गंजलेल्या टाक्या, थोडे छताचे पत्रे. ढीग होता तसाच उचलून भरला.

इथल्या काट्यावर ११,४२० किलो भरलं, तिथे ११,३७०. पन्नास किलोचं मी काही म्हणत नाही. पण पुढे आडतीत कडता लावतात तशी ७ टक्के घट धरली, म्हणजे ७९६ किलो गेले. वर भाव ३२.५० केला, "मिक्स माल" म्हणून. हिशोब ३,८८,२८० चा होता, लागले ३,४३,६५५. त्यातूनही २ टक्के कापून घेतले, ६,८७३ रुपये. सगळं धरून ५१ हजारांवर गेलं. यात माझी मजुरी तर गेलीच, हमालांचे पैसे पदरचे घातले.

मला फसवलं का? का माझाच माल तसा होता? गोडाऊनमध्ये अजून सहा-सात टन पडलाय, तो भरायच्या आधी कळलं तर बरं होईल.

यार्डवाला, जालना

ताई, भट्टीच्या स्क्रॅप यार्डात २२ वर्षं गाड्या खाली करून घेतोय. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे ७ टक्के बरोबर की जास्त हे सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेली मालाची यादी वाचली आणि हा भाव का तुटला ते लगेच कळलं.

आधी एटी-ट्वेंटी समजून घ्या. ८० टक्के एचएमएस वन, २० टक्के टू. एचएमएस म्हणजे हेवी मेल्टिंग स्क्रॅप, वितळायचं जाड भंगार. वन म्हणजे किमान दोन सूत, पाव इंच जाडीचा माल, पाच फूट बाय दोन फुटांच्या आत कापलेला. टू म्हणजे किमान एक सूत जाडीचा, थोडा गंजलेला, झिंक चढलेलाही चालतो. तुमचे फाळ, एक्सेल, पाटे वनमध्येच बसतात. टाक्या आणि पत्रे टूमध्येसुद्धा बसत नाहीत, तो पत्र्याचा भाव. तुम्ही चांगल्या मालावर पत्रा टाकलात, आणि यार्डात भाव ठरतो तो वर दिसणाऱ्या मालावरून. म्हणून ३४ चे ३२.५० झाले. एक्सेलला पत्र्याने खाली ओढलं.

आता घट. भट्टीवाला पैसे देतो ते वितळून हातात येणाऱ्या लोखंडाचे. मॅग्नेटने गाडी खाली करतो ना, तेव्हा क्रेनच्या तोंडाशी न चिकटता गाडीच्या तळाशी जे उरतं, ती तुमची घट: माती, सिमेंटचे गोळे, रबर, लाकूड. आणि जे चिकटतं त्यातही गंज असतो. शंभर किलो गंजात लोखंड फक्त सत्तर किलो. बाकीचा नुसता स्लॅग, म्हणजे मळी, बनत नाही, भट्टीचं आतलं अस्तरही खातो. वर वितळायला वीज लागतेच. टनाला साधारण ६०० युनिट, आणि पत्रा हलका म्हणून भट्टीचं भांडं पटकन भरल्यासारखं दिसतं पण आत माल कमी बसतो.

बोअरचे केसिंग पाईप तुम्ही आतून पाहिलेत का? एक पाईप उभा धरा आणि हातोडीने ठोका. मी एकदा पाच फुटांचा एक तुकडा असाच ठोकला तर घमेलंभर गाळ आणि पांढरा क्षार खाली पडला. वजन त्या क्षाराचंही होतं, आणि ते पैसे कुणीच देणार नाही. ठोकून भरलेत तर त्या क्षारापायी घट मागायला कारणच उरत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र ब्रेक ड्रम आणि मोटारीच्या बॉड्यांनी केलं असणार. ते बीड आहे, म्हणजे ओतीव लोखंड, त्यात कार्बन भरपूर आणि फॉस्फरसही जास्त. आमच्या विजेच्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस, गंधक निघत नाही. जे आत गेलं ते सळईत जातं. आयएस १७८६ या सळईच्या मानकाप्रमाणे ५००-डी प्रतीच्या सळईत फॉस्फरस ०.०४० टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, म्हणून आमच्या केमिस्टला बीड दिसलं की तो गाडी बाजूला लावतो. मोटारीत तांब्याची वायरिंग राहिली असली तर ते आणखी वाईट. तांबं एकदा वितळलं की बाहेर काढता येत नाही, आणि रोलिंगला सळई चिरते. तांबं आधी काढा, त्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट आहे.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. बंद वस्तू भरू नका. शॉकॲब्सॉर्बर, हायड्रॉलिक जॅक, गॅसची टाकी, दोन्ही तोंडं बंद असलेला पाईप. आमच्याकडे एकदा एक शॉकॲब्सॉर्बर तेलासकट आत गेला. आवाज झाला आणि रस उसळून चार्जिंग प्लॅटफॉर्मवर आला. एका पोराच्या पायावर पडला, त्याला तीन महिने चालता येत नव्हतं. जे पोकळ आहे त्याला भोक पाडून, तेल-पाणी काढून द्या. कापताना मात्र आधी पूर्ण रिकामं झाल्याची खात्री करा, गॅसकटर लावू नका. गॅसची टाकी तर गोडाऊनमध्ये घेऊच नका.

शिरोली फौंड्री

कोल्हापूरहून लिहितोय. जालन्यात ज्याने तुमचा भाव पाडला तेच बीड आम्हाला हवं असतं. ब्रेक ड्रम, मोटारीची बॉडी, जुन्या इंजिनचा ब्लॉक हा आमच्या कास्टिंगचा कच्चा माल. वेगळा करून विका.

ओळखायला यंत्र लागत नाही. हातोडा मारा, बीड तुटतं आणि तुटलेली बाजू राखाडी दिसते, स्टील वाकतं. शंका आली तर ग्राइंडरला लावा. साध्या स्टीलची ठिणगी लांब, सरळ, पिवळी जाते, टोकाला क्वचित फुटते. कार्बन जास्त असेल तर फुलबाजीसारखी भरपूर फुटते, पाट्याची तशी असते. बिडाची ठिणगी आखूड, लालसर, चाकापाशीच विझते. दोन दिवस हात बसला की डोळे झाकून नाही तरी कान टवकारून ओळखता येतं, आवाजही वेगळा येतो.

आणि पाटे भट्टीला घालू नका. तुमच्या भागात घिसाडी लोक येतात, त्यांना विचारा. पाट्याचे कोयते आणि विळे होतात, ते भट्टीपेक्षा जास्त पैसे देतील.

हिशोबनीस

त्या ६,८७३ रुपयांचं वाईट वाटून घेऊ नका, ते बुडालेले नाहीत. तो जीएसटीचा टीडीएस आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत खरेदीदार धातूच्या भंगारावर २ टक्के कापतो, करार अडीच लाखांवर असला की. तुमच्या रकमेचा २ टक्के बरोबर तेवढाच येतो. भट्टीने जीएसटीआर-७, म्हणजे कापलेल्या टीडीएसचं रिटर्न, भरलं की पोर्टलवर तुमच्या नावावर दिसेल. तिथे ते तुम्ही स्वीकारायला हवं, मग पैसे पोर्टलवरच्या तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे खात्यात, येतात. न स्वीकारता लोक वर्षभर बसून राहतात.

त्याच तारखेपासून दुसराही नियम आहे: नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून तुम्ही माल घेतलात तर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा आणि नंतर क्रेडिट घ्यायचं. आप्पांची जुनी वही त्या आधीची असेल, तिच्यावर जाऊ नका.

बार्शीची लेक

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल आणि आज मी आणि दोन मजूर, तिघांनी उरलेला ढीग निवडला. ६,३०० किलो होता. ग्राइंडर लावून पाहिला. आप्पा खुर्चीवर बसून बघत होते. ब्रेक ड्रमची ठिणगी विझली तसं त्यांनी मान हलवली आणि डाव्या हाताने बाजूला टाक म्हणून खूण केली. त्यांना हे सगळं माहीत होतं, त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनीच केलं.

बीड १,१४० किलो निघालं. पाटे २६० किलो. केसिंग पाईप ठोकले, तीन पोती क्षार आणि गाळ निघाला. मोटारींतून साडेनऊ किलो तांबं. पोकळ म्हणावेत असे चार शॉकॲब्सॉर्बर आणि एक जॅक सापडला. मागच्या गाडीत असे किती गेले असतील, ते आठवून रात्री झोप लागली नाही.

यार्डवाले दादा, एक विचारायचं राहिलं. जाड माल आता ३,४०० किलो आहे, गाडीला कमी पडतो. पत्रा वेगळा बांधून त्याच गाडीत चालेल का? आणि शिरोलीवाल्या दादांना बिडाचे तुकडे केवढे हवेत?

यार्डवाला, जालना

चालेल. पत्रा मागच्या फाळक्याजवळ ठेवा, आधी तोच खाली होईल आणि वेगळा काटा होईल. दलालाला फोनवर आधी सांगा की दोन माल आहेत, दोन भाव हवेत. काट्यावर स्वतः उभ्या राहा, गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा.

शिरोली फौंड्री

दीड फुटाच्या आत फोडा. ड्रममध्ये अडकलेले लायनरचे तुकडे आणि रबर काढा. गाडीभर होईपर्यंत थांबू नका, कोल्हापूरकडे येणाऱ्या रिकाम्या ट्रकमध्ये टाका.