फॉन्डंटचा केक आधी करून ठेवता का? तुमचे अनुभव लिहा

वाढदिवस रविवारी असला की शनिवारची रात्र जागायची, घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या बहुतेकींचं असंच चालतं. खरं तर फॉन्डंटचा, म्हणजे साखरेचा मळलेला गोळा पोळीसारखा लाटून वर चढवतात तो, केक एक-दोन दिवस आधी करून ठेवता येतो. पण व्हिडिओत दाखवतात ते सगळं एसीच्या खोलीतलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, वरून लाइटचा भरवसा नाही. म्हणून विदर्भातल्या गावांत करणाऱ्यांनीच लिहावं, ही विनंती.

माझं गाव वरूडजवळ. माझं ठाम मत आहे की केकला उन्हापेक्षा जास्त भ्यायचं ते पाण्याला. फॉन्डंट म्हणजे बहुतांश साखर, ती हवेतला ओलावा ओढते. कूलर लावला की खोली थंड होते, पण हवा ओली होते आणि केक चिकट होऊन चमकायला लागतो. म्हणून केक कूलरच्या खोलीत नाहीच. उलट बाहेरची उन्हाळी हवा इतकी कोरडी की फॉन्डंट लाटता लाटता तडकतो. हाताला किंचित डालडा लावून मळला की सावरतो. उरलेला गोळा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवते, फ्रीजमध्ये नाही. आणि हे सगळं काम पहाटे, ऊन चढायच्या आत.

दर्यापूरहून
आत काय भरलंय यावर सगळं आहे. फॉन्डंटखाली फ्रेश क्रीम मी लावतच नाही. क्रीमला फ्रीज लागतो, आणि त्यातल्या पाण्याने फॉन्डंट विरघळतो. लोणी-साखरेचं बटरक्रीम आपल्या उन्हाळ्यात उभं राहत नाही. चॉकलेट आणि क्रीमचं गनाशच बरं. डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. व्हाइट असेल तर तीनास एक. उन्हाळ्यात क्रीम अजून थोडं कमी. रात्रभर घट्ट होऊ द्यायचं, सकाळी फॉन्डंट चढवायचा. गावात अननसाचा केक फार मागतात. मी स्पष्ट सांगते, अननस पाहिजे तर साधा क्रीमचा घ्या, फॉन्डंट पाहिजे तर चॉकलेट. एखादी ऑर्डर जाते, जाऊ द्या. केक खाणाऱ्या लेकरांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

मेहकरकडून
आमच्या इकडे लेकरायले केकवर फॉन्डंटचा ट्रॅक्टर पाह्यजे, नाही तं बैलजोडी. ते केकच्या दिवशी करत बसाल तं वाकते. आठवडाभर आधीच करा. पाव किलो फॉन्डंटले चहाचा चमचाभर सीएमसी, म्हंजे फॉन्डंट कडक करणारी खायची पावडर, मळा, मंग वाळून कडक होते. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, उन्हात नाही, गुलाबी-जांभळा रंग उडते. फ्रीजमध्ये तं बिलकुल नाही.

पुसदहून
फ्रीजच्या बाबतीत माझं थोडं वेगळं आहे. मे महिन्यात गनाश बाहेर टिकतच नाही, मी फ्रीजमध्ये ठेवते. पण केक उघडा नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वरून प्लॅस्टिक गुंडाळून. बाहेर काढल्यावर लगेच खोकं उघडायचं नाही, तिथेच सगळ्यांचं बिघडतं. गार केकला गरम हवा लागली की वर पाणी सुटतं. बंद खोक्यातच दोन-तीन तास राहू द्या, पाणी बाहेरच्या प्लॅस्टिकवर जमतं. तरी वर थेंब आलेच तर बोट लावू नका, पुसू नका. पंख्याखाली आपोआप सुकतात.

ब्रह्मपुरीहून
आमच्या झाडीपट्टीत त्रास उन्हाळ्यात कमी, पावसाळ्यात जास्त. धानाच्या बांध्या भरल्या की हवाच ओली असते. तेव्हा फॉन्डंट आदल्या संध्याकाळीच चढवते, त्याआधी नाही. स्पंज मात्र आधी भाजून, पूर्ण गार करून, प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून फ्रीझरमध्ये. पांढऱ्यावर लाल किंवा काळी नक्षी पावसाळ्यात घेत नाही, रंग पाझरतो. केक गाडीत नेताना सीटवर नको, सीट उतरती असते. पायाशी सपाट जागेवर ठेवावा.

आर्वीजवळून
एक विचारायचं होतं. आमच्या घरी माळकरी आहेत. फॉन्डंट चालतो का?

दर्यापूरहून
ताई, बऱ्याच फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं आणि ते जनावरांपासून बनतं. विकतचा घेताना पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या, बिनजिलेटिनचा मिळतो. मार्शमॅलोच्या मऊ गोळ्या वितळवून घरी करतात, त्यातही बहुधा जिलेटिन असतं, तेही बघा.