पोळ्याच्या मातीच्या बैलांचे पाय वाळतानाच तुटतात, काय चुकतं?

धंतोलीकर: शेतातली काळी माती, बैल सहा इंच उंच. दुसऱ्याच दिवशी पाय सांध्यातून फाटतात, शिंगं गळतात. एक टिकला तो गॅसवर भाजला, तर फुटला. विकत आणा म्हणू नका, पूजेला घरचीच जोडी पाहिजे.

काळीमाती: नुसती काळी माती घेता काऊन भाऊ? ती पाणी पिऊन फुगते अन् वाळताना तेवढीच आकसते. भेगाळलेलं शेत आठवा. तीन भाग चाळलेल्या मातीत एक भाग बारीक रेती घाला, भिजवून दोन दिवस झाकून ठेवा, मग तिंबा. पाय वेगळे चिकटवूच नका, एकाच गोळ्यातून ओढून काढा, आखूड अन् जाड. शिंगं जोडावीच लागतात. तिथं दोन्हीकडे काडीनं ओरखडे काढा, त्याच मातीचा घट्ट चिखल लावा, दाबून बसवा. आत तार किंवा खराट्याची काडी घालू नका. माती आकसते, काडी आकसत नाही, मग चीर ठरलेलीच. वाळवायचं सावलीत. शिंगं-कानांवर ओला फडका ठेवा, नाहीतर ती आधी वाळतात आणि धड ओलंच राहतं.

थापी_गोटा: वरचं बरोबर. पण भाजता कशाला? कच्चा बैल पूजा झाली की बादलीत विरघळतो, माती कुंडीत जाते. भाजलेला कधीच विरघळत नाही. हौस म्हणून शोकेसमध्ये ठेवायचाच असेल तर पोट पोकळ करा, खालून भोक ठेवा. जाडी अर्ध्या इंचाच्या आत. गालाला लावून बघा, गार लागला म्हणजे आत ओल आहे. ती ओल वाफ होते आणि बैल फोडते. गॅसच्या ज्योतीवर तर एकच बाजू तापते, तिथं भाजणं होतच नाही.

धंतोलीकर: भट्टीवाल्याकडे दिले तर?

थापी_गोटा: काळ्या मातीतले चुनखडे आधी काढा. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल घेऊन फुगतो. महिन्याभरानं पाठीवरून टवके उडतात, मधोमध पांढरा ठिपका दिसतो. माती भिजवून बारीक चाळणीतून गाळली की बरेचसे निघतात.

काळीमाती: एवढा खटाटोप नको असेल तर नागपुरात मूर्तिकारांच्या चितार ओळीत विचारा, गणपतीची शाडू मिळेल. कच्च्या बैलाला चांगली. पण पोळा तोंडावर आल्यावर नका करू जी, पावसाळ्यात आठ-दहा दिवस सहज लागतात वाळायला.