फायबर फोन घेतल्यावर लँडलाइनची जुनी वायर चालेल का?

प्रश्न: तीन खोल्यांत लँडलाइनचे सॉकेट आहेत. फायबरवर तेच वापरता येतील? वीज गेल्यावर फोन चालेल?

उत्तर: सॉकेट चालतील. पण आधी बाहेरून येणारी तांब्याच्या तारांची जोडी (जुनी लाइन) टेलिफोनच्या डबीतून पूर्ण सोडवा. एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट मोडेमच्या फोन पोर्टात शिरले तर पोर्ट जळू शकतो. मग त्या पोर्टातून आरजे-११ वायर (फोनची नेहमीची छोट्या पिनेची वायर) जवळच्या सॉकेटात घाला. घंटी क्षीण वाजली तर पोर्टावर फोन जास्त झालेत, एखादा काढा.

दुसरं उत्तर: वीज गेली की मोडेम बंद, फोनही बंद. मिनी यूपीएस (मोडेमसाठीची छोटी बॅटरी) लावा, पण अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर जुळवूनच. नंबर टिकवायचा तर जुनी लाइन आधी बंद करू नका.

आणखी एक: चकतीचा फोन असेल तर बऱ्याच मोडेमना पल्स डायलिंग (चकती फिरवून नंबर लावायची जुनी पद्धत) कळत नाही. फोन येतील, लावता येणार नाहीत.