मदत हवी आहे: सासऱ्यांचं सहा इंची .२२ रिव्हॉल्व्हर. कापायचं, विकायचं की ठेवायचं?

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी. विषय नेहमीचा नाही, पण जुन्या धाग्यांवरून इथे रेंजवर जाणारे दोन-चार जण आहेत असं दिसतं, म्हणून विचारतोय.

सासरे दिंडोरीजवळ असतात, द्राक्षाची शेती, वय ७२. त्यांच्याकडे परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हर आहे. वेब्ली अँड स्कॉटचं मार्क फोर, .२२ बोअर (नळीच्या भोकाचं माप, इंचात), नळी सहा इंच. आजेसासऱ्यांनी घेतलेलं, मग यांच्या नावावर आलं. कंबरेला लावलं तर बसताना मांडीत रुततं, शर्टाखाली झाकत नाही, आणि गोळी बघावी तर पेन्सिलीच्या टोकाएवढी.

मेहुणा म्हणतो, एवढं लांबडं धूड आणि एवढुशी गोळी, हा काय प्रकार? नाशिकच्या सातपूरला त्याच्या ओळखीचा लेथवाला आहे, त्याच्याकडून नळी कापून दोन इंच करून घेऊ, नाहीतर विकून नवं घेऊ, असं त्याचं चाललंय. रात्री मळ्यात बिबट्या येतो, हेही एक कारण. सासरे ऐकायला तयार नाहीत. का ठेवलंय विचारलं की, "जावईबापू, एकदा नेम धरून बघा", यापुढे बोलत नाहीत.

तर लहान बोअरला लांब नळी, यात लोकांना आवडतं काय? लांब नळीने गोळीला जोर येतो का? दुसरं, बायको कॉलेजात असताना एअर पिस्तूल मारायची, तिला पुन्हा सुरू करायचंय. हे तिच्या नावावर होईल का, आणि स्पर्धेत चालेल का?

खटका२५

आधी त्या लेथवाल्याला फोन करून नको म्हणा, बाकीचं नंतर. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ६. त्या कामाचा वेगळा परवाना असल्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे, कापण्याचा नाही. सासरे, मेहुणा आणि लेथवाला, तिघेही लटकतील.

शिवाय माशी (नेम धरायचा पुढचा उंचवटा) नळीच्या टोकाला असते. टोकच कापलं तर नेम कशाने धरणार?

गोदाकाठचा

जोराचं म्हणाल तर फारसा नाही. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७चं, शिशाची गोळी ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. दारू इतकी कमी की आखूड नळीपेक्षा वेग थोडा वाढतो, बस. त्यातून रिव्हॉल्व्हरला सिलिंडर आणि नळी यांच्यात फट असते, काही वायू तिथूनच निसटतो. लांब नळीचा फायदा गोळीपेक्षा तुमच्या डोळ्याला जास्त.

हिशेब करून बघा. नेम धरताना माशी मागच्या खाचेत बसवायची असते. तुमच्या वेब्लीत ती खाच पार घोड्याजवळच्या (काडतुसावर आपटतो तो) खिट्टीवर आहे, त्यामुळे खाच ते माशी अंतर साधारण २० सेंमी धरू. दोन इंच नळीत ते निम्म्यावर येईल, १० सेंमी. आता माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली. २५ मीटरवर लांब नळीची गोळी सव्वासहा सेंमी चुकते, आखूडची साडेबारा. २५ मीटरच्या प्रिसिजन (सावकाश नेमाच्या) टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंमी व्यासाचं असतं, त्याबाहेर दर अडीच सेंमीला एक गुण कमी. म्हणजे लांबवाल्याला आठ गुण आणि आखूडवाला सहाच्या काठावर. हात तोच, चूक तीच.

आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही हो, एक श्वास जास्त घेतला की झाला.

पुढचं वजन हे दुसरं कारण. सहा इंचाचं लोखंड पुढे ओढत असतं, त्यामुळे माशी थरथरत नाही, सावकाश डुलते. डुलणं डोळ्याला दिसतं, थरथर दिसत नाही, आणि दिसलं की खटका कधी दाबायचा ते कळतं. यात लहान बोअर असला की धक्का जवळजवळ नाहीच. मोठ्या बोअरच्या दहा-बारा गोळ्या झाल्या की माणूस आवाजाआधीच डोळे मिटायला लागतो, त्याला स्वतःला ते कळतही नाही. .२२ वर शंभर मारल्या तरी ती खोड लागत नाही. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने के-२२ नावाचं सहा इंची रिव्हॉल्व्हर याच कामासाठी काढलं, १९५७ पासून ते मॉडेल १७ म्हणून ओळखलं जातं. त्यांनी ८ इंचांच्या वरच्या नळीचंही काढलं होतं. खिशात घालायला कोणी ते घेत नसे.

मी म्हणतो सासरे बरोबर आहेत. एकदा नेम धरून बघा.

साधा_माणूस

पण स्वसंरक्षणाला काय उपयोग? ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं निडर रिव्हॉल्व्हर आहे की, .२२चंच, पाव किलोचं, खिशात मावतं.

गोदाकाठचा

मावतं, आणि त्याचं काम तेवढंच. दोन्ही .२२ असली तरी जात वेगळी. गंमत म्हणजे आपल्याकडचं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर हे वेब्लीच्याच घराण्यातलं, तसंच मधून मोडून उघडणारं.

बिबट्याचं मात्र डोक्यातून काढा. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे पूर्ण संरक्षण असलेला प्राणी, आणि .२२ने जखमी झालेला बिबट्या हा न जखमी झालेल्यापेक्षा कितीतरी वाईट. वन विभागाला कळवा, रात्री पाणी द्यायला एकटं जाऊ नका.

नेमबाज_ताई

स्पर्धेचं मी सांगते. महिलांची २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल, राही सरनोबतला २०१८च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळालं ती स्पर्धा, .२२वरच होते. मापं अशी: नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, खाच-माशी अंतर २२० मिमी, वजन १४०० ग्रॅम, खटक्याचं वजन किमान १००० ग्रॅम. सहा इंच म्हणजे १५२.४. अर्ध्याहून थोड्या जास्त मिलिमीटरने बसतंय तुमचं! पण मोजून घ्या, मूठही बघतात.

बसलं तरी मी त्यावर उतरणार नाही. रॅपिडमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या झटपट मारायच्या भागात, टार्गेट ३ सेकंद दिसतं, मग ७ सेकंद नाही. त्या सातांत अंगठ्याने घोडा ओढायचा, पकड पुन्हा नीट बसवायची, हात खाली आणायचा. जमतं, पण बाकीच्या बायका वाल्थर-पार्डिनीच्या आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांवर, त्यांना पकड हलवावीच लागत नाही. वहिनींनी आधी १० मीटर एअर पिस्तूल सुरू करावं, आणि हे रेंजवर सरावाला न्यावं. घोडा ओढून मारलेली प्रत्येक गोळी वेगळा विचार करून मारावी लागते, शिकायला त्यासारखं काही नाही. नाशकात रेंजची वानवा नाही, स्वप्नील कुसाळेनेही सुरुवातीला इथेच धडे गिरवलेत.

खटका२५

नावावर करण्याचं: शस्त्र नियम २०१६, नियम २५. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. सासरे ७२चे आणि वहिनी त्यांच्या लेक, म्हणजे बसतं. मेहुणा वारस, त्याची लेखी ना-हरकत आधीच घेऊन ठेवा (इथेच गाडी अडते). शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागेल. तुम्ही नाशिक शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, दिंडोरीत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे.

विकायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा, आयात कित्येक वर्षांपासून जवळपास बंद आहे. गेलं की असं दुसरं मिळणं कठीण.

द्राक्षबाग_दिंडोरी

सगळ्यांचे आभार. लेथ रद्द, मेहुण्याला कलम ६ वाचून दाखवलं. ना-हरकत द्यायला तो तयार आहे, बदल्यात मळ्याच्या कुंपणाला सोलर झटका मशीन मी घ्यायचं ठरलंय. मी इंदिरानगरला राहतो, म्हणजे आयुक्तालय.

एक राहिलं. दर निवडणुकीला हे ठाण्यात जमा होतं आणि परत येतं तेव्हा आतून कोरडं ठक्क असतं. नळीत काळपट थरही दिसतोय. साफ कसं करायचं?

गोदाकाठचा

आधी मधून उघडून सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत ते बघा, बोटाने चाचपून. .२२चा पितळी ब्रश आणि थोडं सॉल्व्हंट, नंतर चिंधी, शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. काळपट थर बहुतेक शिशाचा असेल, एका बैठकीत निघणार नाही, घाई करू नका. ब्रश नळीच्या तोंडाकडून घालू नका, तोंडाची कड झिजली की नेमाचं सगळं गणित गेलं. तुमचं मधून मोडतं, त्यामुळे मागूनच सरळ घालता येईल. सॉलिड फ्रेमवाल्यांना (मधून न मोडणाऱ्या) ही सोय नाही.

आणि गोळ्या साध्या वेगाच्याच घ्या. जुन्या वेब्लीला हाय व्हेलॉसिटी घालू नका.