रुग्णवाहिकेवरील पहिली रात्रपाळी आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा

प्रश्न (नवीन डॉक्टर, बीड जिल्हा):

मी बी.ए.एम.एस. असून १०८ च्या रुग्णवाहिकेवर नुकतीच रुजू झाले आहे. पहिल्याच रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर केज तालुक्यातील एका वस्तीवरून पोटदुखी आणि उलट्यांचा कॉल आला. बाई जमिनीवर अंथरूण टाकून झोपल्या होत्या. अंगावर जखम किंवा सूज काहीच नव्हते, परंतु बोलताना त्यांच्या पापण्या मिटत होत्या आणि आवाज नाकातून येऊ लागला होता, त्यामुळे मण्यारचा दंश असावा असे वाटले. अंबाजोगाईच्या वाटेवर श्वास उथळ होत गेला, तेव्हा दर पाच-सहा सेकंदांनी अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत आम्ही स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचलो आणि तिथे त्यांना व्हेंटिलेटरवर घेतले. पहाटे आणखी एक बाळंतीण आणली.

रात्रभर मला झोप अशी आलीच नाही. खरा त्रास घरी आल्यावर सुरू झाला. अंग गळून गेले होते, पण डोळा लागत नव्हता, आणि लागला की हात आपोआप बॅग दाबल्यासारखा आवळला जात होता. वर पत्रे तापलेले, त्यात लाईट गेलेली. दुपारी उठले तेव्हा डोके जड होते आणि घरच्यांवर उगाच चिडचिड झाली. हे अंगवळणी पडते का, आणि त्या बाईंची चौकशी करणे योग्य ठरेल का?

उत्तर (पायलट म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक, जालना):

डॉक्टर मॅडम, आपण विचारलेल्या गोष्टींच्या आधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ड्युटी संपल्यावर आपण घरी कशा गेलात? रात्रभर गाडी मी चालवतो आणि आपण मागे रुग्णाजवळ असता, पण सकाळी दोघेही आपापल्या दुचाकीवर बसतो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत धोक्याचा प्रवास तोच असतो. सलग सतरा-अठरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया दारू प्यायलेल्या माणसासारखी मंदावते, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. पहाटे तीन ते सहा ही वेळ तर शरीर स्वतःहून झोपेकडे ओढते, तेव्हा गार वाऱ्याने किंवा चहाने ती ओढ फार वेळ थोपवता येत नाही. म्हणून पुढच्या पाळीकडे काम सोपवून झाल्यावर केंद्रातच वीस मिनिटे पडावे, उठल्यावर तोंड धुऊन थोडे थांबावे आणि मगच निघावे. घरचे कोणी न्यायला येत असेल तर त्याहून उत्तम.

उत्तर (अधिपरिचारिका, छत्रपती संभाजीनगर):

ताई, दिवसा झोप तुटक लागते यात तुमचा काही दोष नाही, कारण शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. चहातील कॅफिन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा कप पहाटे तीनच्या आत घ्यावा. घरी जाताना ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून गॉगल लावावा, हलके काही खाऊन लगेच पडावे आणि खिडकीला जाड चादर लावावी. पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपणे मराठवाड्यात कठीणच आहे. घरात किंवा शेजारी स्लॅबची खोली असेल तर ती मागून घेण्यात संकोच बाळगू नये. रात्रपाळी लागोपाठ नसेल तर दुपारी दीड-दोनपर्यंत उठावे, म्हणजे त्या रात्री वेळेवर झोप लागते. सासू-सासरे किंवा आई-वडील यांना हे आधीच नीट समजावून सांगितले नाही, तर दारावरची बेल आणि पाहुणे यांतच दिवस जातो, आणि माझ्या मते बाईमाणसाची झोप मुख्यतः इथेच मोडते.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, लातूर):

त्या बाईंची चौकशी अवश्य करा. वॉर्डात गेल्यावर तुम्ही आणलेला रुग्ण म्हणून विचारले की सांगतात, आणि शेवट माहीत नसलेला रुग्ण मनातून लवकर जात नाही. मण्यारचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर बसले की प्रतिविषानेही लगेच सुटत नाही. श्वास सुरू ठेवणे हाच तेव्हा रुग्णाचा खरा आधार असतो, आणि तो तुम्ही वाटेत दिलात. हात आवळला जाणे काही दिवसांत थांबेल. तीन-चार आठवड्यांनंतरही तेच दृश्य झोपेत येत राहिले, तर वरिष्ठांशी किंवा मनोविकारतज्ज्ञांशी बोला, यात कमीपणा नाही.

प्रश्नकर्ती:

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आज वॉर्डात जाऊन आले. बाईंचा व्हेंटिलेटर काढला आहे आणि त्या स्वतः पाणी पितात. पुढच्या रात्रपाळीच्या आधी दुपारी थोडी झोप काढणार आहे, आणि सकाळी न्यायला येण्याचे भावाने कबूल केले आहे.