पॉवर्ड पॅराशूट शिकावे का? पहिल्या उड्डाणानंतर पडलेले प्रश्न

माळरान (इंडियाना)

नमस्कार. आमच्या भागात मका आणि सोयाबीनची सपाट शेती मैलोन्‌मैल पसरलेली आहे. शेजारचे एक शेतकरी गृहस्थ संध्याकाळी वारा पडला की आपले पॉवर्ड पॅराशूट बाहेर काढतात. तीन चाकांचा उघडा सांगाडा, मागे इंजिन व प्रोपेलर आणि वर मोठी कापडी विंग, एवढाच त्याचा संसार. परवा त्यांनी मला मागच्या आसनावर बसवून नेले. इतक्या कमी उंचीवरून आणि इतक्या संथपणे मी जमीन कधीच पाहिली नव्हती. पिकाच्या ओळींमधून ट्रॅक्टर वळल्याच्या खुणा दिसत होत्या, बांधालगतच्या झाडीतून हरणे बाहेर पडताना दिसली आणि कापलेल्या गवताचा वास वरपर्यंत येत होता. तेव्हापासून हे शिकावे असे मनाने घेतले आहे. माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे. इंजिन बंद पडले तर काय होते? परवाना लागतो का? आणि पुण्याला आल्यावर तेथे असे काही करता येईल का?

दक्षिणवारा

तुम्हाला जो संथपणा भावला, तो या यंत्राच्या रचनेतूनच येतो. डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ साली पेटंटसाठी मांडलेल्या विंगमध्ये कापडाचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये समोरून उघडे कप्पे असतात. पुढे जाताना त्या कप्प्यांत हवा भरते आणि कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. स्टीव्ह स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली अशा विंगखाली चाकांचा सांगाडा व इंजिन जोडून ‘पॅराप्लेन’ उडवले आणि आजची यंत्रे त्याच वाटेने पुढे आली आहेत.

चालक आणि इंजिन विंगच्या बरेच खाली लटकलेले असल्यामुळे सांगाडा डोलला तरी लंबकाप्रमाणे पुन्हा मध्यावर येतो. वेग जवळजवळ ठरलेलाच असतो, ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारी कळ, वाढवला की यंत्र जोरात जात नाही, ते वर चढते. कमी केला की खाली उतरते. वळण्यासाठी पायाने दांडी दाबायची, म्हणजे त्या बाजूची विंगची मागची कड खाली ओढली जाते. टेकण्याच्या क्षणी दोन्ही दांड्या एकदम दाबल्या की विंग हवेला धरते आणि चाके हलकेच जमिनीला लागतात. हातापायांचे काम एवढेच असल्याने डोळे बाहेर पाहायला मोकळे राहतात, आणि माझ्या मते या उड्डाणाचा खरा आनंद तोच आहे.

इंजिन बंद पडले तरी विंग भरलेलीच राहते आणि यंत्र तरंगत खाली येते. मात्र एक मीटर उंची गमावताना ते साधारण तीन-चार मीटरच पुढे सरकते, म्हणून उतरण्याजोगे शेत सतत टप्प्यात ठेवूनच उडावे लागते. जंगल, पाणी किंवा वस्ती यांवरून कमी उंचीने जाणे टाळावे. सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा आहे. तारा उशिरा दिसतात, खांब आधी दिसतात, तेव्हा शोधायचे ते खांब.

वाऱ्याचे गणितही याच वेगावर ठरते. समोरून ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने तुम्ही ताशी वीसनेच पुढे सरकाल आणि घरी परतण्याआधी इंधन संपू शकेल. दुपारी नांगरलेली काळी जमीन लवकर तापते, तिच्यावरून हवा वर उसळते आणि शेजारच्या झाडीवर खाली बसते. त्यामुळे जाणकार चालक सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा वेळच निवडतात.

उभादोरा (विस्कॉन्सिन)

परवान्याविषयी सांगते. अमेरिकेच्या हवाई नियमावलीतील भाग १०३ नुसार एकाच आसनाचे, रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा कमी आणि टाकीत जास्तीत जास्त ५ गॅलन इंधन घेणारे यंत्र परवान्याशिवाय उडवता येते. मात्र ते दिवसाउजेडी आणि दाट वस्ती टाळूनच. दोन आसनांचे यंत्र त्यात बसत नाही. शेजाऱ्यांनी तुम्हाला मागे बसवून नेले, त्या अर्थी त्यांचे यंत्र नोंदलेले आणि त्यांच्याकडे किमान स्पोर्ट पायलटचे प्रमाणपत्र असायला हवे. २००४ साली सुरू झालेल्या या प्रमाणपत्रासाठी पॉवर्ड पॅराशूटच्या बाबतीत किमान १२ तासांचे उड्डाण लागते, त्यांत १० तास शिक्षकासोबत आणि २ तास एकट्याने. वयाची वरची मर्यादा नाही, आणि बहुतेकांना वैद्यकीय दाखल्याऐवजी वाहन चालवण्याचा परवाना चालतो. परवान्याची सक्ती नसली तरी शिक्षकाशिवाय एकट्याने उडू नका, हे मी कळकळीने सांगते.

जमले तर जुलैअखेरीस आमच्या विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या हवाई मेळाव्याला या. तेथे हलक्या यंत्रांसाठी वेगळी गवताची धावपट्टी असते आणि चालक मंडळी मनापासून माहिती देतात.

पवनाकाठ (पुणे)

मी कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग करतो, म्हणून पुण्यापुरते सांगतो. इंजिन लावलेल्या साधनाला भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम लागू होतात, आणि अमेरिकेतल्यासारखे शेतातून सहज उडून जाणे येथे शक्य नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन आणि पॅराग्लायडर यांवर बंदी घालतात. त्यामुळे येथे आलात तर मोटरचा विचार बाजूला ठेवून पावसाळ्यानंतर कामशेतला विंग जमिनीवर हाताळायला शिका. उभे राहून विंग डोक्यावर धरण्याचा सराव झाला की तिचा स्वभाव कळतो आणि ते तुम्हाला तिकडेही उपयोगी पडेल. पाठीवर इंजिन बांधून धावण्याच्या पॅरामोटरचाही काही जण सल्ला देतील. पण त्याचे वजन पंचवीस-तीस किलोपर्यंत असते, तेव्हा गुडघ्यांचा विचार करता चाकांचे यंत्रच बरे.

माळरान (इंडियाना)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येथे वापरलेली यंत्रे विकायला असतात. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर तसे घ्यायचे झाल्यास आधी काय तपासावे?

दक्षिणवारा

इंजिनाआधी विंग तपासा. उन्हातील अतिनील किरणांनी कापड कमकुवत होते आणि त्यातून हवा झिरपू लागते. वरून रंग चांगला दिसला म्हणून विश्वास ठेवू नये. विंग किती तास वापरली आणि उड्डाणानंतर उन्हात पडून राहत होती का, हे विचारा आणि जाणकाराकडून कापडातून हवा किती जाते ते मोजून घ्या. दोऱ्या काळानुसार आखडतात किंवा ताणतात आणि सगळ्या सारख्या प्रमाणात बदलत नाहीत, म्हणून त्यांची लांबी निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून पाहावी. विंगचा आकार तुमचे, सोबत्याचे आणि यंत्राचे मिळून होणाऱ्या वजनाला साजेसा हवा. नंतर विक्रेत्याला तुमच्यासमोर विंग गवतावर पसरून भरायला सांगा: ती सरळ मध्यावर उभी राहते का, टोकांचे कप्पे पूर्ण उघडतात का आणि एखादी दोरी दुसरीवर चढलेली राहते का, हे यंत्रावरच्या आरशातून नव्हे तर बाजूला उभे राहून पाहा. तीच तपासणी पुढे प्रत्येक उड्डाणाआधी तुम्हालाही करायची आहे, आणि विंग मध्यावर आली नसेल तर थ्रॉटल न वाढवता इंजिन बंद करून ती पुन्हा पसरायची आहे.