ड्रायव्हर नव्याने टाकला की प्रिंटर आठवडाभर चालतो आणि सोमवारी पुन्हा ‘ऑफलाइन’ होतो

प्रश्न – हिशेबनीस१४

आमच्या कार्यालयात १४ संगणक असून त्या सर्वांसाठी मिळून एकच लेझर प्रिंटर आहे आणि तो केबलने राउटरला जोडलेला आहे. दीड महिन्यापूर्वी जुना राउटर बंद पडल्याने नवा बसवला, आणि तेव्हापासून छपाईचे काही खरे राहिलेले नाही. सोमवारी सकाळी निम्म्याहून अधिक संगणकांवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र ‘रेडी’ असे लिहिलेले असते. मी एकेका संगणकावरून प्रिंटर काढून टाकतो, ड्रायव्हर नव्याने टाकतो, आणि मग शुक्रवारपर्यंत कोणाची तक्रार येत नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

याखेरीज आणखी तीन प्रकार आहेत. चार संगणक सोमवारीही चालतात, पण दुपारी मध्येच ‘ऑफलाइन’ होतात आणि कधीतरी अर्ध्या तासाने अडकलेली पाने आपोआप बाहेर येतात. दोन संगणकांना प्रिंटर थेट न जोडता शेजारच्या संगणकावरून शेअर करून दिलेला आहे. त्यांच्यावर ‘०x०००००११बी’ असा त्रुटी-क्रमांक येतो. आणि एका संगणकावरून छापायला दिले की पानेच्या पाने निरर्थक चिन्हांची निघतात. परवा कोणाचे लक्ष नव्हते तेव्हा एका पत्रापायी जवळजवळ अर्धे रीम संपले.

मी मुळात हिशेब विभागातला. संगणकातले थोडेफार कळते एवढ्यावरून हे काम माझ्या गळ्यात पडले आहे. सध्याच्या ड्रायव्हरमध्येच दोष असावा असे मला वाटते. त्याची जुनी आवृत्ती सर्व संगणकांवर टाकावी काय?

उत्तर – तारजोडणी

जुनी आवृत्ती शोधू नका. आपल्या सोमवारच्या तक्रारीत ड्रायव्हरचा काडीचाही दोष दिसत नाही. हा ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार आहे.

ड्रायव्हरचे काम एवढेच, की आपल्या पानाचे प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर करायचे. ते रूपांतर कोणत्या पत्त्यावर पाठवायचे हे ‘पोर्ट’ ठरवते, आणि विंडोजमध्ये या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. प्रिंटरला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी पत्ता) राउटर देतो, तोही ठरावीक मुदतीपुरता. आपला प्रिंटर शुक्रवारी संध्याकाळी बंद होत असेल, तर शनिवार-रविवारात ती मुदत संपते, तो पत्ता एखाद्या फोनला किंवा लॅपटॉपला दिला जाण्याची शक्यता असते, आणि सोमवारी प्रिंटरला दुसराच पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर पाने पाठवत राहतात. आपण ड्रायव्हर नव्याने टाकता तेव्हा त्यासोबत प्रिंटरचा शोध नव्याने होतो आणि ताज्या पत्त्याचे पोर्ट तयार होते. गुण आला तो त्या पोर्टामुळे, पण श्रेय ड्रायव्हरला गेले.

माझे म्हणणे पडताळून पाहण्यासाठी येत्या सोमवारी काहीही दुरुस्त करण्यापूर्वी दोन गोष्टी करा. प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचे पान छापा आणि त्यावरचा पत्ता संगणकाच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ या भागात खूण केलेल्या पत्त्याशी ताडून पाहा. नंतर प्रिंटर मागच्या बटणाने पूर्ण बंद करा आणि संगणकावरून त्या जुन्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तेथून कोणी उत्तर देते का हे विचारणारी आज्ञा द्या. प्रिंटर बंद असतानाही उत्तर येत असेल, तर त्या पत्त्यावर दुसरेच कोणी बसले आहे. लोक नेहमी प्रिंटर चालू ठेवूनच पिंग करतात, उत्तर आले की जोडणी ठीक आहे असे मानतात आणि पुन्हा ड्रायव्हरच्या मागे लागतात.

उत्तर – रात्रपाळी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दुपारी रुसणाऱ्या चार संगणकांचे कारण मात्र निराळे असावे. त्यांच्या ‘पोर्ट्स’मध्ये ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होणारे लांबलचक नाव आहे का, ते पाहा. विंडोज प्रिंटर आपोआप शोधते तेव्हा अनेकदा हेच पोर्ट लावते. त्यात पत्ता पक्का नसतो. प्रिंटर नेटवर्कवर स्वतःची हजेरी देतो आणि संगणक त्यावर विसंबतो. म्हणूनच पत्ता बदलला तरी हे चार संगणक सोमवारी चालतात, पण प्रिंटर झोपेच्या अवस्थेत गेला किंवा राउटरने ती हजेरी पुढे पोहोचवली नाही, की ‘ऑफलाइन’ म्हणतात. घरी एकाच संगणकासाठी हे चालून जाते. कार्यालयात मी ते पोर्ट कधीही ठेवत नाही. त्याऐवजी ‘ॲड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ तयार करून प्रिंटरचा पत्ता हाताने घाला. यासाठी ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही.

अर्थात त्याआधी पत्ता कायम करायला हवा. राउटरच्या डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याच्या) विभागात प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे जोडणीच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकासाठी, एक आयपी पत्ता राखून ठेवा. प्रिंटरवरच स्थिर पत्ता भरण्याचाही मार्ग आहे, परंतु तो पत्ता राउटर ज्या मर्यादेत पत्ते वाटतो तिच्या बाहेरचा असावा लागतो, आणि कोणी प्रिंटर रीसेट केला की ती नोंद पुसली जाते. मी राउटरवरच्या नोंदीला पसंती देतो.

आणखी एक. पोर्ट बरोबर आणि प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये घातल्यावर त्याचे पानही उघडते, तरी एखादा संगणक ‘ऑफलाइन’च म्हणत असेल, तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ ही खूण काढून पाहा. छपाईचा मजकूर सामान्यतः ९१०० क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरून (येथे ‘पोर्ट’ म्हणजे नेटवर्कवरची क्रमांकित वाट) जातो, तर प्रिंटरची खुशाली विंडोज एसएनएमपी या पद्धतीने १६१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवरून विचारते. ही दुसरी वाट एखाद्या सुरक्षा-प्रणालीने अडवली, तर मौनाचा अर्थ विंडोज ‘प्रिंटर नाही’ असा घेते.

प्रश्नकर्त्याकडून – हिशेबनीस१४

आज सोमवार. प्रिंटरने छापलेल्या पानावर १९२.१६८.१.५२ असा पत्ता होता आणि आठ संगणकांच्या पोर्टवर १९२.१६८.१.३७. प्रिंटर बंद करून ३७ला पिंग केले, तर ताबडतोब चार उत्तरे आली. राउटरच्या यादीत पाहिले, तेव्हा तो पत्ता आमच्याच एका सहकाऱ्याच्या फोनकडे निघाला. म्हणजे सकाळपासून आठ जण आपापली पत्रे एका फोनला पाठवत होते!

त्या चार संगणकांवर खरोखरच ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट होते. शिवाय वारंवार नव्याने टाकल्यामुळे काही संगणकांवर एकाच प्रिंटरच्या ‘कॉपी १’, ‘कॉपी २’, ‘कॉपी ३’ अशा नोंदी साचल्या होत्या आणि विंडोज त्यांपैकी शेवटी वापरलेली नोंद आपोआप मुख्य ठरवत होते. आता राउटरवर पत्ता राखून ठेवला आहे, सर्व पोर्ट बदलले आहेत आणि जादा नोंदी काढल्या आहेत. उरले ते शेअर केलेल्या प्रिंटरवरचे दोन संगणक आणि चिन्हे छापणारा एक.

उत्तर – कागदकाम

चिन्हांच्या पानावर अगदी वरच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह, त्याला लागून उद्गारचिन्ह आणि पुढे ‘पीएस’ ही अक्षरे आहेत का, ते पाहा. असतील, तर तेथे पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेचा ड्रायव्हर बसलेला आहे आणि आपल्या प्रिंटरला ती भाषा येत नाही. तो त्या आज्ञांना साधा मजकूर समजून ओळीने छापत सुटतो. आपल्या तक्रारींपैकी एवढीच एक खरोखर ड्रायव्हरची आहे. प्रिंटरच्या माहितीपत्रकात तो कोणती भाषा जाणतो ते पाहून, बहुधा ती पीसीएल ही दुसरी भाषा असेल, तोच ड्रायव्हर टाका.

मात्र जुना ड्रायव्हर नीट काढला पाहिजे. यादीतून प्रिंटर काढला म्हणजे ड्रायव्हर गेला असे होत नाही. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा पर्याय निवडा. तो वापरात असल्याचे सांगून विंडोज नकार देईल, तेव्हा ‘प्रिंट स्पूलर’ ही छपाईची रांग सांभाळणारी सेवा थांबवून पुन्हा सुरू करा आणि लगेच काढा. रांगेत अडकलेली पाने हटत नसतील, तर सेवा थांबलेली असतानाच सिस्टिम३२च्या आतील ‘स्पूल’मधल्या ‘प्रिंटर्स’ या फोल्डरमधील फाइली पुसा. खुद्द फोल्डर पुसू नका.

आता त्या त्रुटी-क्रमांकाविषयी. २०२१च्या उन्हाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने विंडोजच्या स्पूलरमधील मोठी सुरक्षा-त्रुटी गाजली. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अशा सामायिक प्रिंटरचे ड्रायव्हर टाकायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले, आणि सप्टेंबरच्या विंडोज अद्यतनांनी शेअर केलेल्या प्रिंटरशी बोलण्याचे नियमही कडक केले. आपल्याला दिसणारा क्रमांक तेव्हापासूनचा आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) एक मूल्य शून्य करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि त्याने छपाई सुरूही होते, पण कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून ठेवण्यासारखे ते आहे. आपला प्रिंटर स्वतःच नेटवर्कवर असताना मध्ये शेजारच्या संगणकाची गरजच काय? त्या दोघांनाही इतरांप्रमाणे थेट पोर्ट जोडून द्या.

प्रश्नकर्त्याकडून – हिशेबनीस१४

टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह, ‘पीएस’: तिन्ही सापडले. ड्रायव्हर पॅकेजसह काढला (पहिल्यांदा नकार आलाच), पीसीएलचा टाकला, आणि तोच मजकूर नीट एका पानात छापला गेला. शेअर केलेले दोन्ही संगणक थेट जोडले. रजिस्ट्रीला हात लावला नाही. एक संगणक सर्व करूनही ‘ऑफलाइन’ म्हणत होता, त्याची एसएनएमपीची खूण काढताच चालू झाला. दोन सोमवार उलटून गेले आहेत आणि दोन्ही वेळा प्रिंटरचा पत्ता तोच राहिला.

उत्तर – तारजोडणी

एक सूचना राहिली. प्रिंटरच्या केबलच्या जोडणीचा मॅक पत्ता वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो. आपण राउटरवर केबलचा नोंदवला आहे. जागा बदलताना कोणी प्रिंटर वायफायवर घेतला, तर ती नोंद लागू होणार नाही. तेव्हा दुसरी नोंद करावी लागेल.